ब्रिटनमध्ये एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलचा (नोकरीतले वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचा) निकाल अपिलात कधी फिरवला जावा?

निकाल पटला नाही एवढ्यावरून नाही. ट्रायब्युनलची कायद्यातच चूक झाली असेल तरच फिरवावा. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल्स ॲक्टच्या कलम २१ नुसार एम्प्लॉयमेंट अपील ट्रायब्युनलपुढे फक्त कायद्याचा प्रश्न नेता येतो. साक्षीदारांना समोरासमोर ऐकलेलं असतं ते खालच्या ट्रायब्युनलनं, त्यामुळे कोण खरं बोललं याचा कीस वर पुन्हा पाडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कायद्यातली चूक म्हणजे चुकीची कसोटी लावणं, अजिबात पुरावा नसताना निष्कर्ष काढणं, किंवा हरणाऱ्याला आपण का हरलो हेही कळू नये इतकी तोकडी कारणं देणं. 'कुठलंही समंजस ट्रायब्युनल असा निकाल देणार नाही' हा मुद्दाही घेता येतो. पण येबोआ विरुद्ध क्रॉफ्टन (२००२) या निकालानुसार त्यासाठी बाजू अगदी निर्विवाद भक्कम लागते, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. मात्र अपील जिंकलं म्हणजे दावा जिंकला असं नाही. कायदा नीट लावल्यावरही एकापेक्षा जास्त निष्कर्ष शक्य असतील, तर प्रकरण सहसा परत खाली पाठवलं जातं.