हार्लेक्विनला स्वतंत्र नोंद मिळेल का?

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जमवून मी घरी हार्लेक्विन जोडला. १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा हा नवा अवतार. एका मुक्त ज्ञानकोशात त्यावर लेख लिहिला, तर ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’ म्हणून काढून टाकला. मग स्पेक्ट्रम नेक्स्टचा, म्हणजे त्याच्याच दुसऱ्या नव्या अवताराचा, लेख कसा चालतो?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : रात्री दोनला स्क्रीनवर मूळ कंपनीच्या, सिंक्लेअर रिसर्चच्या नावाची ती ओळ उमटली, असं लिहिलंत. काय वाटलं असेल, ते मला विचारा! आमच्या परळच्या चाळीत भावाचा स्पेक्ट्रम होता. कॅसेटवरून गेम चढताना तो असा किंचाळायचा की शेजारच्या काकू म्हणायच्या, “रेडिओ दुरुस्त करून घ्या गं.”

तरीही सांगते, लेख काढणाऱ्याचं चुकलं नाही. तुमच्या पाच संदर्भांपैकी तीन किट विकणाऱ्यांचे, दोन तुमच्याच फोटोंचे. वरमाईनेच नवरदेवाची तारीफ करावी तसं झालं हे. ज्यांचा यात हात नाही की पैसा नाही, अशांनी सविस्तर लिहिलंय का, एवढंच कोश बघतो. नेक्स्टवर लिहिलं गेलं: २०१७ची लोकवर्गणी, यंत्र हाती पडेपर्यंत उजाडलेलं २०२०, सगळं छापून आलं.

हार्लेक्विनची खरी गोष्ट यूएलए नावाच्या चिपची आहे, आणि ती तुमच्या लेखात दीड ओळीत उरकली होती. मूळ यंत्रात चित्र, आवाज, कीबोर्ड, कॅसेट हे सगळं फेरांटी कंपनीची ही एकच चिप सांभाळायची. क्रिस स्मिथ यांनी ती आतून उलगडली आणि तिचं काम साध्या लॉजिक चिपांवर वाटून दिलं, तोच हा हार्लेक्विन. २०१०मध्ये यूएलएवर त्यांचं पुस्तक आलं. (उल्लेखनीयतेसाठी ते चालणार नाही, निर्मात्याचंच आहे, तपशिलाचा संदर्भ म्हणून खुशाल द्या.)

तेव्हा स्पेक्ट्रमच्याच लेखात ‘प्रतिकृती’ विभागात यावर चांगला भरीव परिच्छेद लिहा आणि ‘हार्लेक्विन’ हे नाव तिकडे पुनर्निर्देशित करा. उद्या कुणा त्रयस्थाने लिहिलं, तर तोच परिच्छेद उचलून वेगळा लेख करता येतो.

फोटो मात्र मुक्त परवान्याखाली जरूर चढवा. बोर्डाच्या पाठीमागचा, ती हिरवी वायर दिसते तो. बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक तुटल्यावर ओढलीत ना?