शब्द कुणाचे, पैसे कुणाचे?

गेल्या अंकात राजकीय सल्लागार संस्थांचा, म्हणजे पैसे घेऊन पक्षांचा प्रचार आखणाऱ्या कंपन्यांचा, ओझरता उल्लेख आला आणि त्यावर पत्रांचा ढीग जमला. मी आधी वार्ताहर म्हणून मंत्रालयाच्या फेऱ्या मारल्या आणि नंतर काही वर्षं अशाच एका संस्थेत काम केलं, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे सोपवली. पाच निवडली आहेत.

प्रश्न : मुलगी बी.टेक. झाली. आयटी कंपनीचं पत्र हातात असताना ती ‘पोलिटिकल कन्सल्टन्सी’त जायचं म्हणते. ही माणसं नेमकं करतात काय? घरात आजी याला सरळ दलाली म्हणते. — एक वडील, कराड

उत्तर : आजींची शंका मनात ठेवा, पण मुलीला अडवू नका.

अशा ऑफिसात गेलात तर आधी दिसतील ती पंचविशीची मुलं. कुणी इंजिनिअर, कुणी वकील, कुणी पत्रकारितेतून आलेलं. २०१३ मध्ये प्रशांत किशोर यांनी ‘सिटिझन्स फॉर अकाउंटेबल गव्हर्नन्स’ हा गट उभा केला आणि नरेंद्र मोदींच्या प्रचारासाठी ‘चाय पे चर्चा’सारखे कार्यक्रम आखले, तेव्हापासून हे चित्र आपल्याकडे रुळलं. किशोर स्वतः त्याआधी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात होते. पुढे त्यांच्याभोवती आय-पॅक ही सल्लागार संस्था उभी राहिली. बिहारमध्ये २०१५ला नितीश कुमार, बंगालमध्ये २०२१ला ममता बॅनर्जी, त्याच वर्षी तमिळनाडूत स्टॅलिन. पक्ष बदलत गेले, काम तेच राहिलं. सुनील कनुगोलू हेही २०१४च्या त्या प्रचारात होते; कर्नाटकात २०२३ला काँग्रेसने १३५ जागा जिंकल्या त्यामागे त्यांची आखणी होती, आणि नंतर त्यांना मुख्यमंत्र्यांचे सल्लागार म्हणून मंत्रिपदाचा दर्जा मिळाला. रस्त्यात दिसले तर आपण ओळखणार नाही इतके ते कॅमेऱ्यापासून लांब राहतात. किशोर यांनी मात्र स्वतःचा पक्ष काढला. २०२५च्या बिहार निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही.

आता मुलीचं काम. निवडणुकीनंतर ‘फॉर्म २०’ जाहीर होतो. कुठल्या मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते त्यात असतं. बऱ्याचदा ती स्कॅन केलेली, तिरकी पीडीएफ असते. ती एक्सेलमध्ये उतरवणं, मागच्या निवडणुकीत ८७ नंबरचं केंद्र होतं ते आता ९१ कसं झालं हे शोधणं, हे नव्या माणसाचं पहिलं काम. मग फील्ड. एसटी स्टँड, दूध संकलन केंद्र, बचत गटाची बैठक, चावडी. तिथून आलेलं वॉर रूममध्ये, म्हणजे प्रचाराच्या मुख्य कचेरीत, पोहोचतं आणि त्याचं भाषण होतं, रील होते, पत्रक होतं. पब्लिक अफेअर्सचं काम याहून वेगळं. तिथे गिऱ्हाईक बहुधा कंपनी असते आणि तिच्या वतीने सरकारी कामकाजावर नजर ठेवायची असते. अधिवेशनात कुठली लक्षवेधी लागली, तारांकित प्रश्नात कुणी काय विचारलं, नव्या नियमाच्या मसुद्यावर हरकती कधीपर्यंत द्यायच्या, कुठल्या सचिवाकडे वेळ मागायची, हे सांभाळणारी माणसं शांत असतात, चांगल्या मराठीत टिपण लिहितात आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधानभवनाबाहेर तासन् तास उभी असतात.

माझ्याबरोबर बीड जिल्ह्यातली एक मुलगी होती. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये रस्ते, वीज, रोजगार, शेतमालाचा भाव असे पर्याय होते, पाणी नव्हतं. फॉर्म दिल्लीहून आला होता. ती पहिल्याच गावातून परतली आणि म्हणाली, बायका दुसरं काही बोलतच नाहीत, मी खोटी खूण कुठे करू? फॉर्म बदलेपर्यंत तिने पुढचं गाव घेतलं नाही. उमेदवाराच्या पुढच्या सभेत टँकरचा विषय आला तो तिच्यामुळे. या धंद्यातली मला आदर वाटणारी माणसं अशी आहेत : खालचं बोलणं वर नेणारी. दुसऱ्या प्रकारची माणसं वर ठरलेलं बोलणं खाली सोडतात आणि ते लोकांचंच आहे असं भासवतात. एकाच ऑफिसात दोघांची टेबलं शेजारी असू शकतात. तुमची मुलगी कुठल्या टेबलावर बसणार, हे तिने रुजू होण्याआधी विचारावं.

आणखी काही गोष्टी कागदावर घ्या. करार निकालापर्यंतचा आहे की कायमचा? निकाल लागला की या ऑफिसांतली गर्दी झपाट्याने ओसरते. पीएफ कापला जातो का? एखाद्या पक्षाचं काम तिला मनाविरुद्ध वाटलं तर नाही म्हणता येईल का? फील्डवर मुलींच्या मुक्कामाची सोय कोण करतं? या शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

प्रश्न : पेशंटना सरकारी आरोग्य विम्याची कार्डं काढून देताना नेहमी वाटतं, अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात सगळ्यांसाठी विमा का झाला नाही? त्यामागे एका प्रचारसंस्थेचा हात होता असं ऐकलं. खरं का? — एक निवृत्त डॉक्टर, मिरज

उत्तर : डॉक्टरसाहेब, कारणं अनेक होती, पण त्या संस्थेचा हात मोठा होता, आणि ती चालवणारी माणसं ओळख करून घेण्यासारखी आहेत.

क्लेम व्हिटाकर हे कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅक्रामेंटोचे बातमीदार. लिओनी बॅक्स्टर रेडिंग या गावच्या व्यापारी मंडळाच्या व्यवस्थापक, तरुण वयात विधवा झालेल्या. १९३३ला कॅलिफोर्नियात धरणं-कालव्यांच्या मोठ्या प्रकल्पावर सार्वमत होतं आणि पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ही बलाढ्य वीजकंपनी प्रकल्पाच्या विरोधात होती. या दोघांनी प्रकल्पाच्या बाजूने प्रचार केला आणि जिंकले. मग त्याच वीजकंपनीने त्यांना आपल्याकडे पगारी ठेवलं. ‘कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड’ ही त्यांची संस्था. निवडणूक-प्रचार हाच पूर्णवेळ व्यवसाय असलेली जगातली पहिली संस्था म्हणून तिचं नाव घेतात. १९३८ला दोघांनी लग्न केलं.

१९३४ला अप्टन सिंक्लेअर हे कादंबरीकार गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. कॅलिफोर्नियातली गरिबी संपवू, ही त्यांची घोषणा. व्हिटाकर आणि बॅक्स्टर यांनी सिंक्लेअर यांचं लेखन पिंजून काढलं. कादंबरीतलं एखादं पात्र विवाहसंस्थेविरुद्ध बोलतं, तर ते वाक्य सिंक्लेअर यांचंच मत म्हणून छापायचं. लॉस एंजेलिस टाइम्समध्ये अशा चौकटी आठवड्यामागून आठवडे येत राहिल्या. सिंक्लेअर यांना सुमारे ८ लाख ७९ हजार मतं पडली, विरोधी फ्रँक मेरियम यांना ११ लाख ३८ हजार. मी अनेक प्रचार आतून पाहिले आहेत, तरीही पात्राचं वाक्य लेखकाच्या तोंडी घालण्याची ही रीत वाचली तेव्हा मला अस्वस्थ वाटलं, कारण भाषणातलं अर्धं वाक्य कापून फिरवलेली आजची क्लिप हेच करते.

आता विमा. १९४५ला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी राज्यासाठी आरोग्यविमा आणला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने या दोघांना नेमलं आणि योजना पडली. पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी देशभरासाठी विमा मांडला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने प्रत्येक सदस्याकडून २५ डॉलर गोळा करायचं ठरवलं आणि १९४९ला व्हिटाकर-बॅक्स्टर यांना काम दिलं. ल्यूक फाइल्ड्स या चित्रकाराचं आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरचं एक हळवं चित्र होतं. त्यांनी त्याची पोस्टरं काढली, खाली मजकूर असा की राजकारण या चित्रापासून लांब ठेवा. ती थेट दवाखान्यांत लागली. तुमचा स्वतःचा दवाखाना होता, तुम्हाला कळेल : पेशंट डॉक्टरवर विश्वास ठेवून तिथे बसलेला असतो आणि समोरच्या भिंतीवर एका कंत्राटी प्रचारकाचं वाक्य. लहान गावांच्या वर्तमानपत्रांना ते तयार मजकूरही पाठवत, आणि संपादक तो आपला म्हणून छापत. ट्रुमन यांचा विमा झाला नाही. पासष्टीच्या पुढच्या लोकांना मेडिकेअर मिळायला १९६५ उजाडलं.

विम्याला विरोध करणं हा डॉक्टरांचा हक्क होता. पोस्टरच्या खाली ते कुणी लिहिलं आणि कुणी पैसे भरले हे ठळक छापलं असतं तर माझी तक्रार बरीच कमी झाली असती.

प्रश्न : २०२४ला अजितदादांच्या पक्षाने गुलाबी जॅकेटं घातली आणि लोकसभेला एका जागेवर असलेला पक्ष विधानसभेला ४१ वर गेला. हे सल्लागारांचंच यश ना? — एक वाचक, दिंडोरी

उत्तर : गुलाबी रंग, जनसन्मान यात्रा ही आखणी नरेश अरोरा यांच्या डिझाइनबॉक्स्ड या संस्थेची. यात्रा तुमच्याच तालुक्यातून निघाली होती. पण त्याच वर्षी जूनमध्ये अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली आणि बायकांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये पडू लागले. तालुक्यात वर्षानुवर्षं काम केलेले आमदार होते, साखर कारखाने होते, महायुतीची मतं एकमेकांना गेली. जॅकेटाचा वाटा किती, हे वेगळं काढून दाखवण्याचं साधन कुणाकडे नाही. ते नेमकं सांगतो असं म्हणणारा माणूस पुढच्या कंत्राटासाठी बोलत असतो.

प्रश्न : गुप्ता बंधूंच्या काळात मी इथे नोकरीला होतो. ऑफिसातले गोरे-काळे सहकारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. लंडनच्या त्या संस्थेतल्या माणसांना हे कळत नव्हतं का? — एक वाचक, जोहान्सबर्ग

उत्तर : इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सहारनपूरहून १९९३च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत गेलेलं गुप्ता कुटुंब अध्यक्ष झुमा यांच्या जवळचं होतं. गुप्तांवर सरकार पोखरल्याचे आरोप वाढले तेव्हा, २०१६ मध्ये, त्यांच्या ओकबे कंपनीने लंडनच्या बेल पॉटिंजर या जनसंपर्क संस्थेला महिना १ लाख पौंडांवर नेमलं. ‘गोऱ्यांची मक्तेदारी’ हाच देशाचा खरा शत्रू आहे, असा सूर लावून धरला गेला आणि खोट्या ट्विटर खात्यांवरून तो वाढवला गेला. वर्णभेदातून नुकत्याच सावरणाऱ्या देशात.

संस्थेचे एक संस्थापक टिम बेल. १९७९ला मार्गारेट थॅचर यांच्या प्रचारात साची अँड साची या जाहिरात कंपनीतर्फे ज्यांनी नाव कमावलं तेच. ते २०१६ मध्येच संस्थेतून बाहेर पडले होते. विरोधी पक्ष डेमोक्रॅटिक अलायन्सने ब्रिटनमधल्या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेकडे तक्रार केली. सप्टेंबर २०१७ला त्या संघटनेने बेल पॉटिंजरला काढून टाकलं, गिऱ्हाइकं पळाली आणि त्याच महिन्यात संस्था कोसळली.

कळत नव्हतं का, असं तुम्ही विचारता. माझ्या अनुभवाने सांगते : दूरच्या देशाचं काम करणाऱ्या माणसाला तिथली जखम आकड्यांत दिसते. कुठला शब्द जास्त पसरला, कुठल्या पोस्टला किती प्रतिसाद आला. तुमच्या ऑफिसातला अबोला त्या तक्त्यात येत नाही. तरीही वर्णभेदाचा इतिहास लंडनला ठाऊक नव्हता हे मी मानणार नाही. ठाऊक होता म्हणूनच तो शब्द निवडला गेला. तुमचे जे सहकारी एकमेकांशी बोलायचे थांबले होते, त्यांना हा सगळा क्रम सांगा. त्यांच्या संतापाला कुणीतरी दरमहा पैसे मोजत होतं, हे कळण्याचा त्यांना हक्क आहे.

प्रश्न : माझ्या फोनवर रोज प्रचार येतो. पाठवणारा कोण हे शोधता येतं का? आणि कायदा काय म्हणतो? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : काही प्रमाणात येतं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर मेटाची ‘अ‍ॅड लायब्ररी’ सगळ्यांना खुली आहे. पक्षाचं किंवा पेजचं नाव टाकलंस की राजकीय जाहिराती दिसतात, कुणी पैसे भरले ते दिसतं, खर्चाचा अंदाजही दिसतो. ज्या पेजचं नाव गावकुसातलं वाटतं पण पैसे भरणाऱ्याचा पत्ता दिल्ली-हैदराबादचा आहे, तिथे थांब आणि नीट बघ. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अशी खिडकी नाही.

कागदी पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ए, मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, आपल्या राज्यात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, आणि सल्लागार संस्थांचं मोठं बिल तिथेच बसतं. पक्षांना विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत खर्चाचं विवरण निवडणूक आयोगाला द्यावं लागतं. ते आयोगाच्या संकेतस्थळावर वाचता येतं, वाच. कंपन्यांसाठी मंत्रालयात शब्द टाकणाऱ्यांची नोंद ठेवणारा कायदा अमेरिकेत आहे, सध्याचा १९९५चा; आपल्याकडे नाही. २०१३ला ओडिशाचे खासदार कलिकेश सिंह देव यांनी लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं; त्याचा कायदा झाला नाही. तुमच्या खासदारांना पत्र लिही, आणि ते विधेयक पुन्हा मांडाल का एवढंच विचार. उत्तर आलं तर मला पाठव, याच पानावर छापू.