कृपेचा हिशेब ठेवू नकोस

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद. नेमानं साधना चालू आहे, पण अहंकार तसूभरही हलत नाही. मग प्रयत्न वाढवायचे की सगळं देवावर सोपवून मोकळं व्हायचं, असं तू विचारलंयस. हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. यापायी भल्याभल्यांची आपसात जुंपली आहे.

रामानुजाचार्यांच्या परंपरेत यावरून सरळ दोन तट पडले. माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला आपणहून घट्ट बिलगतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून नेते. वडकलै मंडळी म्हणतात, भक्तानं निदान धरून तरी राहावं. तेन्कलै म्हणतात, धरायचं कामही आईचंच. एकीकडे वेदान्त देशिक, दुसरीकडे पिळ्ळै लोकाचार्य, दोघेही मोठे आचार्य. आणि पुढे झालं काय? कांचीपुरमच्या वरदराजाच्या देवळात पाठ कोणी म्हणायचा, यावरून हेच दोन पक्ष कोर्टाची पायरी चढले. शरणागती शिकवणारे, बरं का! रोममध्येही तीच गत. ईश्वराची कृपा आणि माणसाची इच्छा यांचा मेळ कसा बसतो, यावर डोमिनिकन आणि जेझुइट हे ख्रिस्ती साधूंचे दोन संघ १५९७ ते १६०७ अशी दहा वर्षं पोपच्या दरबारी भांडत होते. शेवटी पोप पाचव्या पॉलनं निकाल दिलाच नाही. एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढी ताकीद देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. मला तो माणूस शहाणा वाटतो.

तेव्हा प्रयत्न किती आणि कृपा किती, ही वाटणी करत बसू नकोस. उंट मोकळा सोडून अल्लावर भरवसा ठेवू का, असं एकानं विचारलं, तेव्हा पैगंबरांनी सांगितलं, आधी बांध आणि मग भरवसा ठेव. रोजच्या व्यवहाराला एवढं पुरतं.

मला काळजी वाटते ती तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच ओळीची. ‘गटात सगळ्यांत जास्त जप माझा होतो, तरीही...’ असं तू लिहून गेलीस. बोटात ते काउंटर, प्रत्येक नामाला अंगठ्याचा एक दाब, आणि रात्री झोपण्याआधी गटावर आकडा टाकायचा. खाली हात जोडलेल्यांची रांग. कुणाचा आकडा आपल्यापुढे गेला तर त्या रात्री दोन माळा जास्त होतात की नाही, खरं सांग.

नामदेवांची गोष्ट तू कीर्तनात शंभरदा ऐकली असशील, पण ती तुझ्याच प्रश्नाची आहे, म्हणून पुन्हा सांगतो. गोरोबाकाकांच्या घरी संत जमलेले. मुक्ताई म्हणते, काका, यांतली मडकी कच्ची कोणती, पक्की कोणती ते बघा. काका थापटणं उचलून एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. बाकीचे निमूट बसून राहतात; नामदेव चिडतात. निकाल लागतो: कच्चं मडकं. आता बघ, हा कुणी ऐरागैरा नव्हे. याच्या हातून विठ्ठल जेवला होता. कृपा व्हायची बाकी होती असं नाही, उदंड झाली होती, आणि अहंकार नेमका तिच्यावरच चढून बसला होता. ‘देव माझ्याशी बोलतो.’ मग विठ्ठलानंच त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडलं. ते म्हातारबुवा पिंडीवर पाय ठेवून आडवे झालेले! नामदेव म्हणाले, पाय काढा. ते म्हणाले, बाबा, जिथे पिंड नसेल तिथे तूच उचलून ठेव. जिथे ठेवावेत तिथे पिंड. सगळी गोष्ट सांगून झाली की कीर्तनकार देव सर्वत्र आहे म्हणतात आणि पुढे जातात. मला मात्र त्यात आणखी एक दिसतं. पंढरपुरात लाडका असलेल्या माणसाला जिथे आपली ओळख चालत नाही अशा गावी जावं लागलं.

माउलींनी तेराव्या अध्यायात हेच म्हटलंय:

नवल अहंकाराची गोठी। विशेषें न लगे अज्ञानापाठी।
सज्ञानाचे झोंबे कंठीं। नाना संकटीं नाचवी॥

अडाण्याच्या तो फारसा मागे लागत नाही, जाणत्याचा मात्र गळा धरतो. साधना करणाऱ्यानं ही ओवी भिंतीवर लावावी. नामदेवांची पदं ज्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, तिथेच गुरू अंगददेव म्हणतात की हौमै, म्हणजे मीपणा, हा जुनाट रोग खरा, पण त्याचं औषधही त्याच्यातच आहे. म्हणजे अहंकार मारायची वेगळी मोहीम काढू नकोस. ती काढणारा कोण असतो, हे तुला आता कळलं असेल. तो कुठे फुगतो तेवढं दिसलं की पुष्कळ झालं. जैन दर्शनात तर कृपा करणारा कुणी नाहीच, सगळं ज्याचं त्यानं करायचं. तरी क्रोध, माया, लोभ यांच्या पंगतीत ‘मान’ बसवलेला आहेच.

आता तुझ्या पत्रातला शेवटचा मुद्दा. तुमचे ते महाराज म्हणतात की अहंकार जायचा असेल तर नोकरीचा आणि पगाराचा निर्णय त्यांच्यावर सोपव. इथे मी स्पष्टच बोलतो. देवाला शरण जाणं आणि माणसाच्या हाती पासबुक देणं या दोन गोष्टी कुणालाही एक करू देऊ नकोस. पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. बाहेर. त्यांच्याइतका शरण गेलेला दुसरा दाखव, पण त्यांना आत घेतलं नाही, आणि ही व्यवस्था सांभाळणारे लोकांना नम्रतेचे धडे देत राहिले. ते दार दलितांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपाशी बसावं लागलं. म्हणून ‘तू लहान हो’ असं कुणी म्हटलं, की तू लहान झाल्यानं त्याचं काय मोठं होतं ते आधी बघावं. आपल्याकडे बायकांच्या सोसण्यालाही शरणागती म्हणायची सोय करून ठेवली आहे, तीही त्यातलीच.

याच्या उलट जपानच्या शिनरान यांचं बघ. तेराव्या शतकातला माणूस. वीस वर्षं हिएई डोंगरावर साधना करून खाली उतरले, आणि आपल्या बळावर तरणं आपल्याच्यानं होणार नाही असं म्हणून अमिदा बुद्धाच्या नामावर विसंबले. त्यांचं म्हणणं असं की सज्जनसुद्धा तरतो, मग दुर्जन तर तरेलच. कारण सज्जनाला आपल्या सज्जनपणाचा आधार वाटत राहतो. काहींनी त्यातून मनसोक्त पाप करायची मुभा काढली, तेव्हा त्यांनी खडसावलं, औषध हाताशी आहे म्हणून विष प्यायचं नसतं. एवढा मोठा पंथ मागे उभा राहिला, पण ते म्हणत, माझा एकही शिष्य नाही. लोक नाम घेतात ते अमिदाच्या प्रेरणेनं, मग त्यांना माझे कसे म्हणू?

तुझ्या महाराजांना एवढंच विचार, की पगार माझ्याच खात्यात ठेवला तर शिकवाल का. चिडले तर गोरोबाकाकांचं थापटणं आठव. राजीनामा मुळीच देऊ नकोस. काउंटर महिनाभर कपाटात ठेव, गटावर आकडा टाकू नकोस, आणि कुणी कारण विचारलं तर मोठं तत्त्वज्ञान सांगत बसू नकोस, विसरले म्हण. हरिपाठ चालू आहे तो तसाच चालू दे. महाराज काय म्हणाले ते मात्र लगेच कळव, आणि ते काय म्हणाले तेवढंच. तुला काय वाटलं ते नंतर सवडीनं लिही.

तुझा,
काका