शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शेरा पडला तर पोराचं कॉलेज गेलं का?

डिसेंबरमधली केस आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या रूमवर एक आई आली, सोबत बारावी सायन्सचा मुलगा, आणि खुर्चीत बसायच्या आधीच तिनं विचारलं, "मॅडम, दाखल्यावर वर्तणूक खराब लिहिलं तर पुण्यात इंजिनिअरिंगला घेत्यात का हो? मी तर चार दिवस झालं झोपलोच नाही." वडिलांचं उद्यमनगरात छोटं मशीनशॉप, ते आलेच नाहीत, पोराशी बोलणंच बंद केलं होतं त्यांनी. ओळख कळू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, बाकी सगळं जसं झालं तसं लिहितेय कारण हाच प्रश्न घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी येतंच.

झालेलं असं की ह्यानं आणि दोन मित्रांनी इन्स्टावर शाळेच्या नावानं कन्फेशन पेज काढलेलं, कुणीही नाव न देता मेसेज पाठवायचा आणि हे तिघं तो स्टोरीला लावणार. सुरुवातीला सरांच्या बोलायच्या लकबीवर, मग कोण कुणाच्या मागं आहे ह्याच्यावर, मग थेट मुलींवर. एका मुलीबद्दल जे लागलं ते मी इथं लिहिणार नाही. ती शाळेत यायची बंद झाली. शाळेनं तिघांना शोधून काढलं, दहा दिवस सस्पेंड केलं इथपर्यंत ठीक, पण नंतर आईला ऑफिसात बोलावून तोंडी सांगितलं की तुम्हीच अर्ज देऊन दाखला काढून घ्या म्हणजे आम्ही काही वाईट लिहीत नाही, नाहीतर शेरा मारावा लागेल. आईला वाटलं शाळा उपकारच करतेय. अर्ज लिहून पर्समध्ये तयार होता.

मी म्हटलं ताई, आधी तो अर्ज इथं टेबलावर ठेवा आणि माझं ऐका.

बारावीचा बोर्डाचा फॉर्म शाळेच्याच ज्युनिअर कॉलेजमार्फत भरला जातो आणि तो भरून झालेला, फेब्रुवारीत प्रॅक्टिकल, जर्नल त्याच कॉलेजात सही व्हायचं, अशा वेळी दाखला काढून पोरगं जाणार कुठं? आणि दाखल्यावर 'पालकांच्या विनंतीवरून' असं कारण पडलं की उद्या तक्रार करायची म्हटलं तरी समोरचा म्हणणार, तुम्हीच तर मागितलाय. ज्या शेऱ्याला आई घाबरत होती त्यापेक्षा हा अर्ज शंभरपट घातक होता. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड लावला होता, आणि त्याच गावात आज आईबापाच्याच सहीनं पोरगं शाळेबाहेर काढायची ही पद्धत, मला ह्याचा खरंच राग येतो.

आता शेऱ्याचं. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो, बहुतेक सगळ्यांच्या दाखल्यावर तिथं 'चांगली' एवढंच असतं. पण इंजिनिअरिंगची कॅप राऊंडची, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीची, मेरिट लिस्ट लागते ती सीईटी ह्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाईलवर, तिथं वर्तणुकीला मार्क नसतात. वर्तणुकीचा विषय खरा कुठं येतो तर रॅगिंगमध्ये. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमाप्रमाणं अ‍ॅडमिशनवेळी विद्यार्थी आणि पालक दोघांना प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात रॅगिंगवरून कुठल्या संस्थेतून काढून टाकलेलं नाही असं लिहून द्यायचं असतं, आणि शाळेकडून येणाऱ्या दाखल्यात किंवा कॅरेक्टर सर्टिफिकेटमध्ये मुलाचं इतरांशी वागणं कसं आहे हे यावं अशीही त्यात अपेक्षा आहे. म्हणजे दुसऱ्या पोराला त्रास देणं ही गोष्ट पुढं कॉलेजं मनावर घेतात, घ्यायलाच पाहिजेत.

मुलाचे मामा अमेरिकेत, त्यांनी फोनवर भर घातलेली की इकडं तर सगळं रेकॉर्ड बघतात. तिकडं बऱ्याच कॉलेजांना मिळून जो एक कॉमन अ‍ॅप नावाचा फॉर्म असतो त्यातून शाळेतल्या शिस्तभंगाचा प्रश्न २०२१-२२ पासून काढून टाकलाय, एखादी युनिव्हर्सिटी स्वतःच्या प्रश्नांत विचारू शकते एवढंच. विचारलं तर खरं लिहायचं. काय केलं, शिक्षा काय झाली, त्यानंतर मी काय केलं, चार ओळी. खोटं लिहून नंतर सापडलं तर मिळालेली अ‍ॅडमिशनसुद्धा जाऊ शकते.

मग आम्ही शाळेला एक पत्र लिहिलं, भांडणाचं नाही. सस्पेन्शनची ऑर्डर लेखी द्या, शाळेची आचारसंहिता म्हणजे ते डायरीच्या मागं छापलेले नियम असतात त्यातला कुठला नियम मोडला ते लिहा, हे दहा दिवस गैरहजेरीत धरणार का ते सांगा, कारण बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, आणि ह्या काळात प्रॅक्टिकल आलं तर बसू देणार का. आणि दाखला आम्ही मागत नाही. पोच घ्या म्हणून मी आईला तीनदा सांगितलं. उत्तर आलं नसतं तर जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं किंवा शिक्षण उपसंचालकांच्या ऑफिसला जायचं ठरलेलं, पण ती वेळ आली नाही, तिसऱ्या दिवशी शाळेनंच बोलावलं आणि दाखल्याचा विषय तिथंच संपला. बऱ्याच शाळा लेखी मागितलं की नीट वागतात. शिक्षकांचीही बाजू आहे, साठ-सत्तर पोरांच्या वर्गात रोज नवीन काहीतरी निघतं आणि समोर रडणारी मुलगी, तिचे चिडलेले आईबाप असतात.

आणि त्या मुलीबद्दल तोपर्यंत ह्या घरात कुणी बोललंच नव्हतं. चार दिवस दाखला, कॉलेज, करिअर, लोक काय म्हणतील. मी आईला बाहेर बसवून मुलाला एकट्याला विचारलं, ती आता कुठं आहे माहीत आहे का? तो म्हणाला घरीच आहे असं ऐकलंय. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मी लिहिलं न्हाई ते मॅडम, नुसतं लावलं." मी म्हटलं लावलं म्हणूनच दोन-अडीचशे पोरांनी वाचलं की रे. तेव्हा कुठं तो रडला, दाखल्यासाठी नाही, त्यासाठी. तिच्या घरच्यांनी सायबर पोलिसांत तक्रार दिली असती तर आपण आज वेगळ्याच ठिकाणी बसलो असतो हेही मी त्याला सांगितलं, घाबरवायला नाही, त्याला माहीतच नव्हतं म्हणून.

पाच सेशन झाली. वडील चौथ्याला आले, हाताला ऑईल तसंच, म्हणाले मला काय बोलायचं तेच कळंना झालंय म्हणून गप्प हाय. त्यांना मी एवढंच सांगितलं की रात्री जेवायला एकत्र बसा, विषय काढू नका. ज्या घरात असं काही झालंय त्यांनी एक नंबर जवळ ठेवा, १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, मरायचं बोलत असेल तर रात्रीसुद्धा लावा.

मुलानं बोर्ड दिलं, सीईटी दिली, पुण्यात मेकॅनिकलला लागला. जूनमध्ये आईनं दाखल्याचा फोटो पाठवला, वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली'. ती मुलगी जानेवारीत शाळेत परत आली, शाळेच्या समुपदेशक मॅडमनी तिच्यासोबत खूप काम केलं. मुलानं तिला माफीचं पत्र लिहिलेलं, मी त्या मॅडमकडून तिला विचारायला लावलं की घेणार का, ती नको म्हणाली. तिचा तो हक्क आहे. पत्र माझ्याकडं फाईलला आहे, मुलाला सांगितलंय तसं, आणि पुन्हा तिला विचारायचं नाही हेही सांगितलंय.