डोके तुटले तरी डोंगळ्याची पकड का सुटत नाही?

प्रश्न : परसात फणसाखाली काम करताना माझ्या अंगठ्याला डोंगळा चावला. ओढून काढायला गेलो तर धड तुटून हातात आले, पण डोके कातडीत तसेच रुतून राहिले. मेल्यावरही त्याची पकड कशी टिकते? काही मुंग्यांचा जबडा पापणी लवण्याआधीच मिटतो असेही ऐकले आहे. ते खरे आहे का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आपल्याला आलेला अनुभव फार जुना आहे, आणि आपल्या पूर्वजांनी त्याचा उपयोगही करून घेतला होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, आतड्याला छिद्र पडले असता त्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांकडून चावे घेववावेत, मग मुंग्यांची धडे काढून टाकून डोकी तशीच राहू द्यावीत, असा उपचार सांगितला आहे. धड गेल्यावरही डोके टाक्याचे काम करते, हे तेव्हाच्या वैद्यांनी नीट पारखलेले होते.

याचे कारण डोंगळ्याच्या डोक्यातच आहे. मुंगीचा जबडा आपल्यासारखा वर-खाली हलत नाही. डावा आणि उजवा असे दोन चिमटे आडवे उघडतात व मिटतात, आणि दाराला असाव्यात तशा प्रत्येकाला दोन बिजागऱ्या असतात. चिमटा उघडणारा स्नायू अगदी लहान असतो. मिटवणारा स्नायू मात्र एवढा मोठा असतो की डोक्याची बहुतेक पोकळी तोच व्यापतो आणि मेंदू मध्ये दाटीवाटीने बसलेला दिसतो. मोठ्या कामकरी डोंगळ्याचे डोके मागच्या बाजूला एवढे रुंद का, याचे उत्तर हा स्नायू हेच आहे. त्याचे तंतू एका कंडरेला, म्हणजे स्नायूचा जोर चिमट्यापर्यंत पोचवणाऱ्या चिवट पट्टीला, तिरपे जोडलेले असतात. त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ तंतू मावतात व जोर वाढतो, मात्र त्या प्रमाणात वेग कमी होतो. शिवाय चिमट्यांची हालचाल चालवणारी मज्जातंतूंची गाठ छातीत नसून डोक्यातच, अन्ननलिकेच्या खाली असते. त्यामुळे धड तुटले तरी जबडा आणि त्याला हुकूम देणारी गाठ यांचा संबंध तुटत नाही. त्यात चिमट्यांचे दात आतल्या बाजूला वळलेले असल्याने आपण जितके ओढू तितके ते अधिक रुततात.

आता वेगाविषयी. आपण ऐकले ते खरे आहे, पण तो वेग स्नायूचा नव्हे. कोणताही स्नायू एका मर्यादेपलीकडे जलद आकुंचन पावू शकत नाही. त्यामुळे जिथे विलक्षण वेग दिसतो तिथे धनुष्याची युक्ती असते, म्हणजे आधी सावकाश ताण साठवायचा आणि मग तो एकदम सोडायचा. मध्य व दक्षिण अमेरिकेतील ओडोन्टोमॅकस बाउरी ही मुंगी आपले लांब चिमटे जवळजवळ सरळ रेषेत येईपर्यंत उघडते आणि ते सांध्याशीच अडकवून ठेवते. मग मोठा स्नायू आकुंचन पावतो, पण चिमटे अडकलेले असल्याने ते मिटत नाहीत, आणि तो ताण डोक्याच्या कवचात व कंडरेत साठत जातो. चिमट्यांच्या मुळाशी पुढे आलेले लांब केस असतात. भक्ष्याचा त्यांना स्पर्श झाला की एक छोटा, चपळ स्नायू सांध्यातली ही अडकवण, म्हणजे खिट्टी, सरकवतो. २००६ साली जीवशास्त्रज्ञ शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजले तेव्हा चिमट्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला ३५ ते ६४ मीटर भरला, आणि मिटण्याला सरासरी ०.१३ मिलिसेकंद लागला. पापणी लवायला याच्या शेकडो पट वेळ लागतो. हाच जबडा मोठ्या शत्रूवर आपटून ही मुंगी स्वतःला मागे उडवते आणि सुमारे ४० सेंटिमीटर दूर जाऊन पडू शकते. तिच्या जवळच्या नात्यातील अ‍ॅनोकीटस प्रजातीच्या मुंग्या आपल्याकडेही दगडांखाली व पालापाचोळ्यात सापडतात.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते हे की ही युक्ती मुंग्यांच्या इतिहासात एकदाच निर्माण झालेली नाही. याचा पुरावा खिट्टीतच मिळतो. ओडोन्टोमॅकसमध्ये खिट्टी सांध्यात असते, तर पालापाचोळ्यात राहणाऱ्या इवल्याशा स्ट्रुमिजेनिसमध्ये ते काम वरचा ओठ करतो. मिस्ट्रियम या मुंग्यांना वेगळी खिट्टी लागतच नाही. त्या चिमट्यांची टोके एकमेकांवर दाबून धरतात आणि आपण चुटकी वाजवतो तसा एक चिमटा दुसऱ्यावरून सटकवतात. २०१८ साली मिस्ट्रियम कॅमिली या जातीत हा वेग सेकंदाला ९० मीटरपर्यंत मोजला गेला. एकट्या स्ट्रुमिजेनिस प्रजातीतच असा जबडा सात ते दहा वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला असावा, असे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले. साध्या, आखूड जबड्यापासून तिथवर पोचायला शरीररचनेत लहानसे बदल पुरतात, हे त्या अभ्यासातून पुढे आले.

आडवा जबडा हाही मुंग्यांपुढचा एकमेव मार्ग नव्हता. म्यानमारमधील सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे झाडाच्या डिंकाच्या दगडासारख्या झालेल्या खड्यांत, सापडलेल्या, आता नामशेष झालेल्या काही मुंग्यांचे चिमटे कोयत्यासारखे वर वळलेले होते, आणि ते खालून वर हलून डोक्यावरच्या शिंगाशी भक्ष्य दाबून धरत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अंबरात सेराटोमिरमेक्स ही मुंगी दुसऱ्या कीटकाच्या पिल्लाला नेमकी याच पकडीत धरलेली दिसते. शिकारीचा तो क्षण डिंकात जसाच्या तसा थिजून राहिला आहे.

प्रश्न : पाने कातरणाऱ्या मुंग्यांच्या जबड्याची धार बोथट होत नाही का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : होते. अमेरिका खंडातील अ‍ॅटा मुंग्यांच्या चिमट्यांच्या दातांमध्ये जस्त असते. ते खड्यांच्या रूपात नसून प्रथिनांमध्ये अणू-अणूने सारखे पसरलेले असते, म्हणून दात कठीण तर होतातच, शिवाय त्यांना अतिशय बारीक धार येते आणि कमी जोरात कापता येते. तरीही रोजच्या कापणीने दात झिजतात, आणि झिजलेले दात पुन्हा वाढत नाहीत, कारण प्रौढ मुंगी कात टाकत नाही. दात झिजले की कापायला वेळ व श्रम दोन्ही जास्त लागतात. अशा मुंग्या हळूहळू कापणी सोडतात आणि इतरांनी कातरलेले तुकडे वारुळाकडे वाहून नेण्याच्या कामाला लागतात.