फील्ड ट्रायलसाठी फुकट पीस द्यायचे का?

प्रश्न: सांवेर रोडला आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे, मी आणि माझा दीर मिळून बघतो. ड्रोन बनवणारी एक कंपनी म्हणते बॅटरीचे बॉक्स बनवून द्या, आर्मीची फील्ड ट्रायल आहे, पण ट्रायलच्या पीसचे पैसे नाहीत आणि पुढे ऑर्डरची गॅरंटी पण नाही. सासरे म्हणतात नसती उठाठेव कशाला. काय करू? – एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, द्या, पण फुकट किती पीस ते आधी लेखी ठरवा. आर्मीच्या अशा बऱ्याच ट्रायल 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' असतात, म्हणजे खर्च कंपनीचा आणि खरेदीचं वचन नाही, त्यामुळे ते लोक खोटं बोलतायत असं नाही, फक्त त्यांचा सगळा खर्च तुमच्या गळ्यात पडायला नको.

तुमचा खरा फायदा ऑर्डरच्या आधीच सुरू होतो. लडाखच्या थंडीत झाकणाखालची रबराची पट्टी, म्हणजे गॅस्केट, कडक होते आणि झाकण नीट बसत नाही, गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, आणि जाड हातमोजे घातलेल्या जवानाला ती नाजूक कडी उघडताच येत नाही, हे वर्कशॉपमध्ये बसून कितीही डोकं चालवलं तरी कळत नाही हो! तिथे मार खाऊन सुधारलेला बॉक्स मग रेल्वे, मोबाईल टॉवर, खाणवाले यांना दाखवता येतो, आणि टेस्ट कुठे झाली हे तेही विचारतातच. म्हणून रिपोर्टची कॉपी मागा, निदान तुमच्या बॉक्सचं काय झालं तेवढं तरी लेखी घ्या. डिझाईनमध्ये तुम्ही जे बदल सुचवाल ते कुणाच्या मालकीचे, हेही त्याच कागदावर येऊ द्या, इथे भिडेखातर गप्प बसू नका.

फील्डच्या आधी लॅब असते. सैन्याच्या सामानासाठीच्या जेएसएस 55555 नावाच्या स्टँडर्डप्रमाणे गरमी, थंडी, धूळ, कंपन सगळं तपासतात, त्याची फी कोण भरणार ते विचारा. कंपनी आयडेक्समध्ये आहे का तेही विचारा, संरक्षणासाठी नवीन वस्तू बनवणाऱ्यांसाठी 2018 पासूनची सरकारी योजना आहे, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना तिच्या मूळ प्रकारात दीड कोटीपर्यंत ग्रांट मिळते, मात्र तेवढेच पैसे स्वतःचे घालावे लागतात. असेल तर तुमच्या डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च त्यांच्या बजेटमध्ये धरायला सांगा.

आणि रोजच्या गिऱ्हाइकांचं काम मागे ठेवू नका, ट्रायलपासून ऑर्डरपर्यंत वर्षं जाऊ शकतात आणि तोवर कामगारांचा पगार त्याच गिऱ्हाइकांच्या पैशातून निघणार आहे.