केस नंतर, आधी सिम जिवंत ठेवा

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचं पत्र आहे. वडील जाऊन दोन महिने उलटले. तेरवी झाली आणि त्यांचा फोन फॉरमॅट मारून नातवाला दिला. सिम काढून आईच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं, प्रीपेडचं रिचार्ज केव्हाच संपलं. आता आईला बाबांचे फोटो आणि व्हॉइस नोट हव्या आहेत. त्या सगळ्या गुगल खात्यात, पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, आणि कोड जातो त्याच नंबरवर. ताई विचारतात, "आम्ही कायदेशीर वारस आहोत, गुगलवर केस टाकता येईल का?"

ताई, फॉरमॅट मारायची एवढी काय घाई होती? अशा मजकुराची पत्रं आता सारखी येतात आणि प्रत्येकात फोन आधी पुसलेला असतो, सल्ला नंतर मागितलेला. असो. तुमचं अजून पुरतं हातातून गेलेलं नाही, पण केसचा विचार सोडा. तुमचं सगळं त्या डबीतल्या सिमवर अडलंय.

प्रीपेड नंबर सलग 90 दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी 30 दिवस मिळतात, बंद पडल्यावर चालू करून घ्यायला 15 दिवसांची सवलत असते. ते हुकलं की पुढे काही महिन्यांत तो नंबर भलत्याच माणसाला दिला जातो. मग बाबांच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे, आणि घरच्या ग्रुपवर त्यांच्या नंबरावर अनोळखी चेहरा. व्हॉट्सॲपचं खातं तर 120 दिवस पडून राहिलं की मिटतं, आणि जुना बॅकअप परत घ्यायला तोच नंबर आणि तेच गुगल खातं लागतं.

म्हणून आजच रिचार्ज मारा. सिम एखाद्या साध्या फोनमध्ये घाला, त्यावर घरून फोन लावा आणि तो उचला. नुसता मिस्ड कॉल नको. मग सीताबर्डीला किंवा जवळ जिथे कंपनीचं स्वतःचं दुकान असेल तिथे जाऊन नंबर वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्या. आईच्या नावावर केलात तर उत्तम. मृत्यूचा दाखला, आईचं आधार, बाकीच्या वारसांची ना हरकत, एवढं साधारण लागतं. दुकानागणिक एखादा कागद वाढतो.

तुम्ही पाठवलेल्या दाखल्यावर नावापुढे 'राव' आहे, आधारवर नाही. आपल्याकडे हे घरोघरी आहे आणि काउंटरवर नेमकं इथेच अडतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 च्या कलम 15 खाली दुरुस्ती होते. महापालिकेच्या ज्या झोनमध्ये नोंद झाली तिथेच अर्ज करा. वेळ लागेल, पण रिचार्ज मारलेलं असलं की तो वेळ तुम्हाला परवडतो.

कोर्टाचं विचारलंत म्हणून सांगतो. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 372 खाली मिळणारं वारसा प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांपुरतं असतं. बँकेतली ठेव त्यात बसते, फोटो आणि ईमेल बसवणं कठीण. तरी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात अर्ज टाकलात तर नोटीस, पेपरातली जाहिरात, मग तारखा. साहेब रजेवर, पुढची तारीख. गुगल मात्र दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसून टाकू शकतं, ते कोणाच्या तारखेसाठी थांबत नाही. मृताच्या खात्यासाठी गुगलकडे अर्ज करायची सोय आहे, तो जरूर भरा. पासवर्ड ते देत नाहीत. मजकूर देतील की नाही, ते त्यांच्या मर्जीवर.

नंबर आईच्या नावावर झाल्यावर कोड घेऊन खातं उघडलं तर तो गुन्हा का? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66C मध्ये (दुसऱ्याचा पासवर्ड वगैरे वापरण्याबद्दलचं कलम) अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. सगळ्या वारसांच्या लेखी संमतीने फोटो उतरवून घेण्यात मला तो दिसत नाही. पण कंपनीच्या अटींत हे बसेलच असं नाही, आणि अशा प्रकरणात कोणी तक्रार केली तर पोलीस काय करतील याची हमी मी देणार नाही. फेसबुकला मृत्यू कळवायचं तूर्त राहू द्या. एकदा ते खातं स्मृती-खातं झालं की कोणालाच लॉगिन करता येत नाही.

आता जे तुम्ही पत्राच्या शेवटी दीड ओळीत उरकलंत. फोन पुसण्याआधी तुमच्या मिस्टरांनी बाबांच्या यूपीआयवरून 38,000 रुपये वळते केले, तेरवीच्या खर्चाला. माणूस गेल्यावर त्याच्या पिनने व्यवहार करायचा अधिकार कोणालाच उरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 315 मृताच्या मालमत्तेच्या अपहाराबद्दल आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. खर्च खरा असेल तर हेतूवर बोट ठेवणं अवघड, पण आचारी, मंडप, भटजी, सगळ्यांचा हिशेब आजच कागदावर उतरवा. बँकेलाही मृत्यू कळवा. नॉमिनी आई आहे, कागद पुरे असले तर तो दावा 15 दिवसांत निकाली निघायला हवा, त्याला सिम लागत नाही.

"घर ताईचं" ही बाबांची व्हॉइस नोट तुमच्या फोनवर आहे म्हणता. मृत्युपत्राला सही आणि दोन साक्षीदार लागतात, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्र आपल्या कक्षेबाहेरच ठेवलंय. घर बाबांच्या कमाईचं असेल तर आई, तुम्ही आणि पुण्याचा भाऊ, तिघांचा सारखा वाटा.

ना हरकतीवर त्याच भावाची सही लागणार आहे. तो फोन उचलत नाही म्हणता, तर घरी जा. जाताना ती नोट ऐकवायला नको, 38,000 चा हिशेब घेऊन जा.